बहात्तर सेकंदांचं गणित

१, २, ४, ?

प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल? पर्याय चार: ६, ७, ८, १०.

माझ्या भाचीनं ७ चा गोल काळा केला होता. सराव प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या पानावरच्या उत्तरसूचीत ८ छापलेलं होतं, म्हणून तिच्या उत्तरावर लाल फुली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो, कळंब तालुक्यातल्या आमच्या खेड्यात. ओसरीत सोयाबीनची पोती रचलेली होती आणि त्या पोत्यांना टेकून ही पाचवीतली पोरगी मांडीवर गाईड घेऊन बसली होती.

“मामा, सात कशामुळं चुकलं?”

“दुप्पट होत चाललंय की. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ.”

“ते दिसलं मला. पण आधी एक मिळवला, मग दोन मिळवले. आता तीन मिळवायचे. चार आणि तीन सात. ह्यात चूक काय हाय?”

चूक काहीच नव्हती. मी पुण्यात आकडेमोडीचीच नोकरी करतो. चौथीला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ग्रामपंचायतीसमोर नारळ-टोपी देऊन माझा सत्कार झालेला आहे. तरी मला तिच्या तर्कात खोट काढता आली नाही. मी म्हणालो, “बरोबर आहे तुझं. पण परीक्षेत आठच लिही.”

तिनं आठ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. पुन्हा काही विचारलं नाही. ते तिचं न विचारणं मला पुण्याला परतल्यावरही सोडेना. म्हणून मी एक काम केलं. येताना तिच्या जुन्या गाईडांपैकी दोन सोबत आणली आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. एखादी कादंबरी वाचावी तशी.

साहित्याच्या जागेत गाईडवर काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. पण विचार करा. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत पाठ्यपुस्तक सोडलं तर गणिताचं दुसरं पुस्तक हेच. ते हातात पेन्सिल घेऊन वाचलं जातं. त्यातली काही पानं दहा-दहा वेळा वाचली जातात. ते एका पोराचं झालं की धाकट्याकडे जातं, मग शेजारच्या घरी. मराठीत कुठल्या कादंबरीला असा वाचक मिळतो? इतकं वाचलं जाणाऱ्या पुस्तकाची समीक्षा कुणीतरी करायलाच हवी. मी इथे कुठल्याही एका गाईडचं नाव घेत नाही. त्याची गरजही नाही, कारण मुखपृष्ठावरचा फोटो बदलला तरी आतला मजकूर एकमेकांना ओळखतो.

आधी हे पुस्तक ज्यासाठी जन्मलं ती परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती शिष्यवृत्ती परीक्षा अनेक वर्षं चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं आहे. पाचवीच्या परीक्षेत दोन पेपर असतात. एकात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटं. भागाकार करा: एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच प्रश्न वाचायचा, कच्चं काम करायचं, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि पेनानं गोल भरायचा.

दुसरी परीक्षा नवोदयची. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली पोरं बसतात. ८० प्रश्न, २ तास. म्हणजे सरासरी दीड मिनिट. जागा जास्तीत जास्त ८०, आणि त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी.

गाईडला नावं ठेवण्याआधी हे ८० नीट समजून घ्यायला हवेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं नवोदयची कल्पना आणली ती खेड्यातल्या हुशार लेकराला चांगली शाळा मिळावी म्हणून. सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण. भूमच्या खवाभट्टीवर काम करणाऱ्याच्या पोरीला किंवा परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला अशी सात वर्षं दुसरं कोण देणार? ज्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, त्या घराला ती परीक्षा कशी असते हे सांगायला गाईडच येतं, तेही एका पँटच्या किमतीत. झेडपीच्या शाळेतले गुरुजी सकाळी सातला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, जादा तास घेतात. त्याचे त्यांना पैसे मिळत नाहीत. त्यांच्या हातातही हेच गाईड असतं. या पुस्तकानं किती घरांची दिशा बदलली असेल, याचा हिशेब कुठल्याच साहित्य संमेलनात मांडला जात नाही. धाराशिवला २०२० च्या जानेवारीत ९३ वं संमेलन झालं, तिथेही मांडला गेला नसावा.

एवढं ऋण मान्य करून आता पुस्तक उघडतो.

पहिली गोष्ट जाणवते ती त्यातलं जग. गाईडमधला शेतकरी शेताला तारेचं कुंपण घालतो आणि त्याचं शेत नेहमी आयताकृती असतं. आमचा बांध तीन ठिकाणी वाकडा आहे, आणि त्या वाकडेपणावरून दोन पिढ्यांचं भांडण आहे. वाकड्या शेताचं क्षेत्रफळ कसं काढायचं, हा प्रश्न गाईडला पडत नाही. तलाठ्याला मात्र रोज पडतो. गाईडमधला व्यापारी माल घेतो आणि शेकडा २० नफ्यानं विकतो. विकणाराच किंमत ठरवतो! ज्या घरात सोयाबीनचा भाव आडतीवर दुसराच कुणी ठरवतो, त्या घरातलं लेकरू हे उदाहरण सोडवतं आणि बरोबर सोडवतं. त्याला वाटतं, गणित आपल्या घरातलं नव्हे, कुठल्यातरी दुसऱ्या गावातलं आहे.

आणि नळ. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ? उत्तर २ तास. ज्या भागाला टँकरची सवय आहे, जिथून शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लोकांनी पाहिलं, तिथे दोन नळ एकदम धो-धो सोडलेले आहेत. मी चेष्टा करत नाही. उदाहरण चुकीचं नाही. पण याच्या शेजारी हे उदाहरण ठेवून बघा: टँकरमध्ये १०,००० लिटर पाणी आहे. घागर १५ लिटरची. वस्तीत १२० घरं. तर वाटप कसं करायचं? १०,००० ला १५ नं भागलं की ६६६ घागरी भरतात आणि १० लिटर उरतं. ६६६ ला १२० नं भागलं की घरटी ५ घागरी आणि ६६ घागरी शिल्लक. आता त्या ६६ कुणाला? ज्यांच्या घरी माणसं जास्त त्यांना? जनावरं असलेल्यांना? चिठ्ठ्या टाकायच्या? भागाकार जिथे संपतो तिथे विचार सुरू होतो. याला चार पर्याय देता येत नाहीत, म्हणून हा प्रश्न गाईडमध्ये कधीच येणार नाही.

दुसरी गोष्ट चौकटींची. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात जाड रेषेची चौकट असते आणि वर लिहिलेलं असतं ‘लक्षात ठेवा’ किंवा ‘क्लृप्ती’. १ ते १०० संख्यांची बेरीज ५०५०, लक्षात ठेवा. पण १ आणि १०० ची जोडी लावली, २ आणि ९९ ची लावली, प्रत्येक जोडी १०१, अशा ५० जोड्या, हे चौथीतल्या पोराला स्वतःला सुचू शकतं. सुचलं की ते दोन दिवस घरभर सांगत सुटतं. चौकट तो आनंद आधीच काढून घेते. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव छापावं, तसा हा प्रकार. लेखकाचा हेतू चांगलाच असतो. त्याला वाचकाचा वेळ वाचवायचा असतो. पण वाचवलेल्या वेळात वाचक काय करतो? पुढची चौकट पाठ करतो.

तिसरी गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी आहे. गाईडमध्ये प्रश्न हा लवकरात लवकर उरकायची गोष्ट असतो. हुशार मूल म्हणजे ज्याच्या हातून प्रश्न लवकर मरतात ते. मुलाला पुढच्या इयत्तेचं गणित लवकर शिकवलं, किंवा त्याच इयत्तेचं दुप्पट वेगानं करून घेतलं, की आपण म्हणतो त्याच्या बुद्धीला खाद्य मिळालं. शहरात ॲबॅकसचे क्लास आहेत, वैदिक गणिताचे आहेत, ऑलिम्पियाडच्या नावानं वर्षाला तीन-तीन परीक्षा आहेत. फी वाढते, पण माल बहुतेक ठिकाणी तोच: वेग. वेगाला माझा विरोध नाही. पाढे तोंडावर असावेतच. पण चालण्याचा वेग वाढवणं आणि नवी वाट दाखवणं ही दोन कामं वेगळी आहेत, आणि आपण पहिल्यालाच दुसऱ्याचं नाव दिलंय.

पुन्हा त्या १, २, ४ कडे येतो. दिवाळीच्या त्याच सुट्टीत, भाऊबीजेच्या दुपारी, आम्ही दोघांनी एक थाळी पालथी घालून कागदावर गोल काढला. तुम्हीही काढा. परिघावर एक बिंदू दिला तर रेषच नाही, गोलाचा एकच भाग. दोन बिंदू दिले आणि जोडले, दोन भाग. तीन बिंदू एकमेकांना जोडले, चार भाग. चार बिंदू, आठ भाग. “म्हणजे आठच बरोबर,” ती जरा पडेल आवाजात म्हणाली. पाच बिंदू, सोळा भाग. आता सहा बिंदू. तिनं न काढताच सांगितलं, बत्तीस. मी म्हटलं, मोज.

तिनं मोजले तर तीस भरले. मी माझ्या कागदावर मोजले तर एकतीस. आम्ही दोघांनी पुन्हा मोजलं. तीस आणि एकतीस. तिची आई चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघून गेली. मग पोरीच्या लक्षात आलं की तिनं सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले होते, त्यामुळे तीन रेषा बरोबर मध्यात एकाच ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या आणि तिथला एक इवलासा त्रिकोण गिळला गेला होता. बिंदू जरा वाकडेतिकडे घेतले की तो त्रिकोण उघडतो आणि एकतीस होतात. बत्तीस मात्र काही केल्या होत नाहीत.

१, २, ४, ८, १६, आणि मग ३१. गणितज्ञांना हे उदाहरण फार जुनं माहीत आहे. चार-पाच संख्या बघून पुढची ‘अशीच’ असणार असं मानू नका, हे शिकवायला ते वापरतात. गाईड याच्या नेमकं उलट शिकवतं: चार संख्या बघा आणि पुढची लगेच माना. भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. १, २, ४ नंतर काय येतं, हे त्या संख्या कुठून आल्या त्यावर ठरतं. प्रश्न विचारणाऱ्यानं ते सांगितलेलं नाही, म्हणून चूक त्याची. तिचं ७ बरोबर होतं, ८ सुद्धा बरोबर होतं, आणि लाल फुली प्रश्नावर पडायला हवी होती. हे सगळं कळायला आम्हाला दीड तास लागला. ७२ सेकंदांच्या हिशेबानं तेवढ्यात ७५ प्रश्नांचा एक अख्खा पेपर झाला असता.

प्रश्नाला किती वेळ द्यायचा, याचं दुसरं टोक बघायचं असेल तर हंगेरीकडे बघा. १८९४ साली तिथल्या ग्यॉर नावाच्या शहरातल्या दानिएल अरान्य या शिक्षकानं शाळकरी मुलांसाठी गणिताचं एक मासिक काढलं. ग्यॉर काही राजधानी नव्हती. मासिकाची कल्पना साधी होती. दर अंकात काही उदाहरणं छापायची, मुलांनी ती घरी सोडवून पोस्टानं पाठवायची, चांगली उत्तरं सोडवणाऱ्याच्या नावासह पुढे छापायची. पुढे तर उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटोही छापले जाऊ लागले. वाचक आपल्या पाचवीच्या पोरांपेक्षा मोठे, माध्यमिक शाळेतले होते. पण त्यांना मुदत सेकंदांत मिळत नव्हती, आठवड्यांत मिळत होती. उत्तरासोबत ते कसं आलं हे लिहून द्यावं लागे. विसाव्या शतकातला थोर गणिती पॉल एर्डिश याच मासिकाला लहानपणी उत्तरं पाठवत असे. ते मासिक महायुद्धांमध्ये बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि आजही निघतं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही, कारण आपल्याकडे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर होऊन गेले. १९०५ साली डहाणूला जन्म. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात. त्यानंतर १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. फक्त संख्यांशी खेळायची न संपणारी आवड. लोकलनं जाताना सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटलं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली.

आता फोन खाली ठेवू नका, त्यातला कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. हे अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा आणि वजा करा: ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. आता याचंही तसंच: ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि आता ७६४१ वजा १४६७ करा. पुन्हा ६१७४. तुम्ही कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामाला येता. कापरेकरांनी हे १९४९ साली मांडलं. त्यांच्या हयातीतला बराच काळ या कामाकडे नुसती करमणूक म्हणून बघितलं गेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभरच्या हौशी लोकांना देवळालीचे मास्तर माहीत झाले.

यात लागतं काय? वजाबाकी. हातच्याची वजाबाकी येणारं तिसरी-चौथीचं कुठलंही लेकरू हे करू शकतं. ना वेगळं पुस्तक, ना किट, ना इंटरनेट. हुशार मुलासाठी आठवीचं बीजगणित पाचवीत ओढून आणावं लागत नाही. पाचवीतलीच वजाबाकी खोल खणता येते. गाईडमध्ये मला कापरेकर भेटले ते एकदाच, एका चौकटीत: ‘कापरेकर स्थिरांक = ६१७४, लक्षात ठेवा.’

मी भाचीला चौकट दिली नाही, नुसता खेळ दिला. चार अंकी करून झाल्यावर ती म्हणाली, आता तीन अंकी. तिथे ४९५ आला. मग ती दोन अंकीवर गेली. ५२ घेतले. ५२ वजा २५, सत्तावीस. ७२ वजा २७, पंचेचाळीस. ५४ वजा ४५, नऊ. नवाला तिनं ०९ लिहिलं. ९० वजा ०९, एक्याऐंशी. ८१ वजा १८, त्रेसष्ट. ६३ वजा ३६, सत्तावीस. “मामा, हे थांबतच नाही. गोल फिरतंय, पारावरच्या झाडाभोवती फिरल्यासारखं.” थोड्या वेळानं तिचीच तिला ओळख पटली: “सगळे नवाच्या पाढ्यातले हायत.”

“कशामुळं?” या वेळी मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सात दशक एककाच्या घरात गेले की एकेका दशकाचे नऊ कमी झाले. दोन एकक दशकाच्या घरात गेले की एकेकाचे नऊ वाढले. जाताना नऊ, येताना नऊ. मग उरणार नवाच्याच पाढ्यातलं.”

हे ऐकलं आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

आमच्या चौथीत गुरुजींनी शिष्यवृत्तीसाठी आठ जण निवडले होते. मी त्यात होतो. जादा तासाला आम्ही आठ आत, बाकीचे मैदानात. सुरुवातीला तोही आत होता. एकदा गुरुजींनी नवाची कसोटी सांगितली: अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात आली की संख्येला नवानं भाग जातो. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, नवालाच असं का? सातानं काय घोडं मारलंय?” वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, ते परीक्षेला येत नाही, बस खाली. गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्यापुढे दोन वर्ग होते आणि हातात पुढच्या पानावरची पन्नास उदाहरणं होती.

दिवाळीनंतर तो आई-बापासोबत ऊसतोडीला गेला. कळंब, वाशी, भूम या भागातून दर वर्षी अशी कुटुंबं जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शिष्यवृत्तीच्या तयारीचे महिने नेमके तेच. त्याच्या जागी नववा मुलगा आत आला. तो परतला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. पुढे सातवीनंतर त्याची शाळा सुटली.

माझा ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला तेव्हा तो समोर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आज विचार करतो, त्या वर्गात गणिताचा प्रश्न एकानंच विचारला होता. आम्ही आठ जण उत्तरं देत होतो. नवानं आणि दहानं शेजारी घरं केली आहेत म्हणून नवाची कसोटी इतकी सोपी. सात दहाचा तितका जवळचा शेजारी नाही. त्याच्या प्रश्नाचं हे उत्तर त्याच गावातल्या एका पोरीनं कितीतरी वर्षांनी दिलं, आणि ते ऐकायला तो नव्हता.

तेरचे गोरोबाकाका आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं. नामदेव कच्चे ठरले. पण गोष्ट तिथे संपत नाही. कच्चं ठरलेलं मडकं फेकून दिलं गेलं नाही. नामदेव गुरूच्या शोधात निघाले, विसोबा खेचरांकडे गेले आणि मग नामदेव झाले. आमच्या परीक्षा थापटणं मारून थांबतात. पक्की मडकी एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सवर लागतात. कच्च्यांनी कुठे जायचं, हे कुठल्याच निकालपत्रावर लिहिलेलं नसतं. आणि थापटण्याचा आवाज ७२ सेकंदांत ऐकायचा असेल तर पक्क्या-कच्च्याची पारख तरी खरी होते का, हा प्रश्न उरतोच.

मग करायचं काय? परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या बंद झाल्या तर शहरातल्या पोरांचं काही बिघडणार नाही. भूम-परंड्याच्या पोरांचा मात्र आहे तो दरवाजाही जाईल. पण गणिताचा आणखी एक तास निघू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळाशाळांत गणित मंडळं असावीत असं लिहिलेलं आहे. शासनाचा ‘आनंददायी शनिवार’ आहे. त्यातला एक तास, एक खडू, एक प्रश्न. सगळा वर्ग आत, निवडलेले आठ नव्हेत. उत्तर त्याच दिवशी आलं नाही तरी चालेल. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात पुढच्या शनिवारपर्यंत राहू द्यावा. ऊसतोडीला जाणारं लेकरू असा एक प्रश्न डोक्यात घेऊन जाऊ शकतं. त्याला गाईडचं ओझं नको, नेटवर्क नको, पाचटीवर बोटानं लिहिलं तरी भागतं.

पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, ते पाचवी-सहावीच्या मुलांसाठी वेगळ्या धाटणीची गणित स्पर्धा घेतं. मराठीत मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ आहे. नावातच गप्पा आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. साहित्य अजिबात नाही असं नाही. ते कळंबच्या स्टँडसमोरच्या दुकानात मिळत नाही, आणि गाईड मिळतं, एवढाच फरक आहे. म्हणून गाईड लिहिणाऱ्यांनाच माझी विनंती आहे. तुमच्याइतका वाचक मराठीत कुणाला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न असा छापा की ज्याला पर्याय नाहीत, वेळ नाही आणि मागे उत्तर नाही. अर्ध्या पानाची जागा लागेल. त्या पानाला वर्षभरात दहा पोरं जरी अडकली, तरी तुमच्या पुस्तकाचं काम झालं.

भाचीची परीक्षा झाली. जिथे दुप्पट दिसली तिथे तिनं दुप्पटच धरली, तसं तिनंच सांगितलं. निकाल काय लागला ते इथे लिहीत नाही, कारण मग तुम्ही सगळा लेख त्या निकालाच्या चष्म्यातून पुन्हा वाचाल. एवढंच सांगतो की प्रश्नपत्रिका घरी आणल्यावर तिनं एका मालिकेच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुसरं उत्तर लिहून ठेवलंय.

परवा ताईच्या फोनवरून तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच अंकी संख्या. ६१९७४ पासून सुरुवात, मग ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४. खाली लिहिलं होतं, “मामा, चाराला मुक्काम हाय, तिनाला हाय, पाचाला का नाही?”

मला सोपं उत्तर येत नाही. मी तिला तसंच कळवलंय, आणि वही उघडून बसलोय.